लेकीला खो-खो खेळू देऊ का?

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून आलेलं हे पत्र. नाव-गाव छापू नका असं ताईंनी लिहिलंय, म्हणून तेवढं वगळून पत्र थोडक्यात देते.

‘डॉक्टर, नमस्कार. मी अंगणवाडीत मदतनीस आहे. माझी मुलगी बारा वर्षांची, सातवीत. २०२१ च्या मे महिन्यात आमच्या घरात सगळ्यांना कोरोना झाला. सासऱ्यांना ऑक्सिजन लावावा लागला. हिला एक दिवस सर्दी झाली आणि गेली. पुढच्या महिन्यात हिला एकदम ताप भरला. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासून टायफॉइड सांगितला, तीन दिवस इंजेक्शनं दिली. ताप उतरेना. पोटात दुखायला लागलं, जुलाब सुरू झाले, डोळे लालभडक झाले. पाचव्या दिवशी हातपाय गार पडले, सकाळपासून लघवी नाही. मग मोठ्या दवाखान्यात नेलं. कोरोनाची तपासणी निगेटिव्ह आली, तरी तिथले डॉक्टर म्हणाले, हा कोरोनानंतरचाच आजार आहे, एमआयएस-सी म्हणतात, हृदयावर आलंय. एका इंजेक्शनच्या नऊ बाटल्या लागतील म्हणाले. भाव ऐकून आम्ही दोघं जिन्यातच बसलो. सासऱ्यांच्या आजारात होतं-नव्हतं ते सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी मग स्टिरॉइडवरच उपचार केले. दोन दिवसांत ताप उतरला. नऊ दिवसांनी, वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, घरी सोडलं.

सहा आठवड्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, त्यात सगळं नॉर्मल लिहिलंय. वर्षाने परत या म्हणाले होते, ते राहून गेलं. तेव्हापासून मी तिला पळू दिलेलं नाही. पीटीच्या तासाला ती बसून असते. दप्तर शाळेपर्यंत मी नेऊन देते. दहाव्या वर्षीचं टीडीचं, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाचं इंजेक्शनही दिलं नाही, अंगात परत काही उठेल म्हणून. आता शाळेच्या खो-खोच्या संघात तिचं नाव आलंय. वर्षभर ती मला न सांगता खेळत होती. सरांनी पालकांच्या सहीचा कागद पाठवलाय. हे म्हणतात सही कर. मला रात्र रात्र झोप नाही. पैसे असते तर पूर्ण औषध मिळालं असतं. अर्ध्या औषधावर बरी झालेली पोर, पळताना काही झालं तर? परत कोरोना झाला तर? आणि ते तीन दिवस मी गावातच बसून राहिले, हे माझंच चुकलं ना?’

ताई,

सही करा. सामन्यांआधी एक टूडी इको आणि एक ईसीजी करून घ्या. एवढं आधीच सांगून टाकते, कारण कागद परत द्यायची तारीख जवळ आली असेल. आता बाकीचं सावकाश बोलू. आधी त्या नऊ बाटल्यांचं, कारण चार वर्षं तुम्ही ते उशाशी घेऊन झोपताय.

नऊ बाटल्या कशाच्या होत्या ते तुम्हाला कुणी नीट सांगितलं होतं का? त्या औषधाला आयव्हीआयजी म्हणतात. हजारो रक्तदात्यांच्या रक्तातला पिवळसर द्रव एकत्र करून त्यातून अँटिबॉडी वेगळ्या काढतात, म्हणून ते इतकं महाग. मुलाच्या वजनाला किलोमागे दोन ग्रॅम असा त्याचा हिशेब. तुमची लेक तेव्हा बावीस किलोच्या आसपास असणार, म्हणजे चव्वेचाळीस ग्रॅम. बाटली पाच ग्रॅमची, म्हणून नऊ. त्या महिन्यांत आमच्याही वॉर्डाबाहेर आईबाप हा गुणाकार मोबाइलवर पुन्हा पुन्हा करून बघायचे. तुम्ही ज्या जिन्यात बसलात, तसा जिना त्या वर्षी मी रोज बघत होते.

आता नीट ऐका. २०२१ ची वटपौर्णिमा २४ जूनला होती. तिला घरी सोडलं दुसऱ्या दिवशी, २५ ला. तिथून नऊ दिवस मागे गेलं की तुमची लेक दवाखान्यात दाखल झाली ती तारीख येते १६ जूनच्या आगेमागे. नेमक्या त्याच १६ जूनला ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात या आजाराच्या औषधांवर दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. पहिल्यात ३२ देशांतल्या ६१४ मुलांची माहिती होती. काहींना आयव्हीआयजी एकटंच दिलेलं, काहींना दोन्ही औषधं, आणि ९९ मुलांना तुमच्या लेकीसारखं फक्त स्टिरॉइड. मुलं बरी होण्यात या तिन्ही गटांमध्ये ठळक फरक सापडला नाही. दुसरा अभ्यास अमेरिकेतला, ५१८ मुलांचा. त्यात दोन्ही औषधं एकत्र मिळालेल्या मुलांच्या हृदयाला एकट्या आयव्हीआयजीपेक्षा कमी त्रास झाला. हे वाक्य परत वाचा, ताई. एकटं आयव्हीआयजी मागे पडलं आणि त्याच्या जोडीला स्टिरॉइड दिल्यावर निकाल सुधारला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या आजारात स्टिरॉइड द्यावं अशी शिफारस केली.

मी काही लपवून ठेवत नाही. जिथे परवडतं तिथे आजही बरेच डॉक्टर दोन्ही औषधं मिळून देतात, आणि पैसे हाताशी असते तर मीही दिली असती. पण तुमच्या डॉक्टरांनी तुमची परिस्थिती बघून हातात असलेलं जे औषध निवडलं, ते हलकं नव्हतं आणि अर्धंही नव्हतं. दोन दिवसांत ताप उतरला, म्हणजे ते लागू पडलं.

इथे बाकीच्या वाचकांसाठी थांबून एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर माझ्या या बोलण्याचा कुणीतरी भलताच अर्थ घेईल. याच आजारासारखा दिसणारा एक जुना आजार आहे, कावासाकी. जपानमधले बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनी त्याचा पहिला रुग्ण १९६१ मध्ये पाहिला आणि १९६७ मध्ये अशा पन्नास मुलांचं वर्णन छापलं. तो बहुतेक पाच वर्षांखालच्या मुलांना होतो, आपल्याकडेही होतो, आणि आजही होतो. पाच-पाच दिवस हटत नाही असा ताप, पू नसलेले लाल डोळे, फुटलेले लालचुटुक ओठ, अंगावर पुरळ, मानेत गाठ, सुजलेले तळहात-तळपाय. पुढे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बोटांच्या टोकांची साल निघते, पण सालीची वाट बघत बसायचं नसतं. उपचार न झालेल्या दर चारांपैकी साधारण एका मुलाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांना फुगे येतात. पहिल्या दहा दिवसांत आयव्हीआयजी मिळालं तर हे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास खाली येतं. तेव्हा कावासाकीत ‘स्टिरॉइडवर भागेल’ असं घरच्यांनी मनाने ठरवू नये. तिथे त्या बाटल्यांसाठी धावपळ करावीच लागते. रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना पहिल्याच दिवशी गाठा, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते विचारा, धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटांची चौकशी करा.

ताई, आता त्या तीन दिवसांकडे येते.

हा आजार जगाला पहिल्यांदा कळला तो २०२० च्या एप्रिलच्या शेवटी, लंडनमध्ये. त्याच सुमारास इटलीतल्या बर्गामोच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की, कावासाकीसारखी जी मुलं त्यांना आधीच्या पाच वर्षांत मिळून एकोणीस दिसली होती, तशी दहा मुलं दोनच महिन्यांत आली. १५ मे २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने आजाराची व्याख्या ठरवून दिली. म्हणजे तुमची लेक आजारी पडली तेव्हा या आजाराला नाव मिळून जेमतेम वर्ष झालं होतं, आणि त्या वर्षात गावातला प्रत्येक डॉक्टर मोठ्या माणसांच्या ऑक्सिजनच्या मागे धावत होता. त्या व्याख्येतली पहिली अटच काय आहे माहीत आहे? तीन दिवस किंवा जास्त ताप. तुम्ही गावात घालवलेले तीन दिवस पुस्तकातसुद्धा मोजूनच घ्यावे लागतात. पहिल्या दिवशी तिला माझ्याकडे आणलं असतं तर मीही तापाचं औषध देऊन ‘परवा दाखवा’ म्हणाले असते.

टायफॉइडची ती रक्ततपासणी आपल्याकडे फसवी ठरते. पूर्वी कधी जंतू अंगात येऊन गेला असेल तरी ती पॉझिटिव्ह दिसू शकते. आणि तुमच्या लेकीची लक्षणं तर अशी की पावसाळ्याच्या तोंडाला कुणालाही टायफॉइड, डेंग्यू, नाहीतर अपेंडिक्सच आठवावा. मी स्वतः मे २०२१ मध्ये एका नऊ वर्षांच्या मुलाला पोट तपासून सर्जनकडे पाठवलं होतं, अपेंडिक्स असावा म्हणून. उजवीकडे दाबलं की तो कळवळत होता. त्याचे डोळे लाल होते, आणि मी ते रडण्याने झालेत असं समजले. रात्री ऑपरेशनच्या आधी बीपी बघणाऱ्या तरुण डॉक्टरच्या लक्षात आलं की हे बीपी अपेंडिक्सचं नाही. तो मुलगा वाचला. ते लाल डोळे मात्र माझ्या नजरेसमोरून जात नाहीत. वीस वर्षं मुलं तपासणाऱ्या माझ्याकडून जे सुटलं, ते आईला कळायला हवं होतं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

शिवाय पाचव्या दिवशी तुम्ही काय केलंत ते तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. हातपाय गार पडले आणि सकाळपासून लघवी नाही, या दोन गोष्टी तुम्ही पाहिल्यात आणि निघालात. त्या वेळी ताप किती आहे यापेक्षा याच दोन गोष्टींना जास्त किंमत असते. अंगातलं रक्त कमी पडायला लागलं की शरीर ते मेंदू-हृदयासाठी राखून ठेवतं आणि हातपाय, मूत्रपिंडं यांचं कमी करतं. अंगणवाडीत तुमच्यासमोर रोज इतकी मुलं असतात, तेव्हा एक युक्ती सांगते, जमल्यास आजच करून बघा. मुलाचा हात त्याच्या छातीच्या उंचीवर धरा. बोटाचं टोक पाच सेकंद दाबून ठेवा, पांढरं पडेल. सोडा. बऱ्या मुलाचं बोट दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतं. ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणेपर्यंत रंग भरलेला असतो. तापलेल्या, मलूल पडलेल्या मुलाला हा रंग परत यायला चार-पाच सेकंद लागत असतील, तर सलाईन लावणाऱ्या गावातल्या दवाखान्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि जिथे मुलांचा आयसीयू आहे तिकडेच निघा. थंडीने हात गारठलेले असतील तर आधी ते चोळून ऊब आणा आणि मग बघा, नाहीतर उगाच घाबराल.

कोरोनाची तपासणी निगेटिव्ह आली यावरून तुमच्या घरात पुढे बरीच चर्चा झाली असेल. ‘कोरोना नव्हताच, डॉक्टरांनी उगाच नाव दिलं’ असं म्हणणारे नातेवाईक बहुतेक घरांत असतातच. नाकातली ती तपासणी विषाणू शोधते. हा आजार येतो दोन ते सहा आठवड्यांनी, तोवर विषाणू निघून गेलेला असतो. राहिलेली असते ती शरीराची प्रतिक्रिया. पिकावरची कीड मरून गेली तरी पंप बंद झालाच नाही, फवारणी चालूच राहिली, तर पानं करपतात ना? तसं. तुमच्या लेकीच्या एका दिवसाच्या सर्दीत कीड मेली होती. पाच आठवड्यांनी जे करपत होतं ते तिचं स्वतःचं आतडं, डोळे, कातडी, हृदय. म्हणून टायफॉइडच्या इंजेक्शनांनी काही झालं नाही, आणि ती फवारणी थांबवणाऱ्या स्टिरॉइडने दोन दिवसांत ताप उतरला.

हे तिलाच का झालं? अमेरिकेत २०२० च्या माहितीवरून केलेल्या एका हिशेबात दहा लाख कोरोनाबाधित मुला-तरुणांमागे सुमारे ३१६ जणांना हा आजार झालेला दिसला. म्हणजे तीन हजारांत एक. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक शोध आला. या विषाणूतल्या एका प्रथिनाचा छोटा तुकडा आपल्या शरीरातल्या एसएनएक्स८ नावाच्या प्रथिनाच्या तुकड्याशी मिळताजुळता आहे, आणि तपासलेल्या आजारी मुलांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शाच्या मुलांची प्रतिकारशक्ती त्या सारखेपणाला फसली होती. यात तुमच्या खाण्यापिण्यात काय कमी पडलं, सासऱ्यांच्या खोलीत लेक गेली का, ओल्या अंगाने झोपली का, यातलं काहीच बसत नाही.

आता हृदय. पहिल्या इकोत किती पंपिंग होतं ते तुम्ही लिहिलं नाही. डिस्चार्ज कार्डावर ‘ईएफ’ म्हणून एक आकडा असेल. भरलेल्या हृदयातलं किती रक्त एका ठोक्यात बाहेर फेकलं जातं, त्याची ती टक्केवारी. ५५ च्या वर असेल तर चांगलं. या आजारात दाखल होताना तो चाळीस, पस्तीस असा खाली आलेला दिसायचा, आणि कागदावर तो आकडा वाचून आईबाप हबकायचे. पण हृदयाला बसलेला हा फटका बहुतेक मुलांमध्ये सुजेचा असतो, कायमच्या जखमेचा नसतो. सूज उतरली की पंप परत चालायला लागतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पंपिंग कमी झालेल्या मुलांपैकी ९१ टक्के मुलांचं ३० दिवसांत पूर्ववत झालं, आणि ९० दिवसांनी जवळपास सगळ्यांचंच. तुमच्या लेकीचा सहा आठवड्यांचा इको नॉर्मल आहे, म्हणजे ती त्याच रांगेत बसते.

या आजारानंतर आम्ही मुलांना पळापळ, स्पर्धा बंद करायला सांगतो ती तीन ते सहा महिने. त्यानंतर हृदय तपासून खेळ हळूहळू सुरू करतात. तुम्ही साडेचार वर्षांच्या आसपास नेलंत. दवाखान्यातून सोडताना कुणीतरी ‘जपा’ म्हणालं असेल आणि कधीपर्यंत जपायचं ते सांगितलं नसेल. ती चूक आम्हा डॉक्टरांची. डिस्चार्जच्या कागदावर ‘अमुक तारखेनंतर खेळायला हरकत नाही’ हे लिहून द्यायला हवं होतं.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली ओळ कुठली सांगू? ती वर्षभर न सांगता खेळत होती. तुम्ही ती ओळ घाबरून लिहिली आहे, मी ती आनंदाने वाचली. खो-खो म्हणजे काय आरामाचा खेळ आहे का? उठबस, वळणं, खांबाला वळसा, सूर मारून गडी बाद करणं. वर्षभर हे करून संघात नाव येण्याइतकी ती तयार झाली. हृदयाचा पंप कमजोर असता तर मैदानावर ते लपलं नसतं. पण तिला एकदा शांतपणे विचारा, रागावून नको: पळताना कधी छातीत दुखलं होतं का? कधी चक्कर येऊन पडली होतीस का, डोळ्यांपुढे अंधारी आली होती का? ठोके अचानक, काही कारण नसताना धडधडायला लागले होते का? खरं सांगितलं तर खेळ बंद करणार नाही असा शब्द देऊन विचारा, नाहीतर ती तुम्हाला हवं तेच उत्तर देईल. यातलं एक जरी ‘हो’ आलं, तर इको होऊन हृदयरोगतज्ज्ञांनी बघेपर्यंत मैदान बंद, सही थांबवा. सगळी उत्तरं ‘नाही’ आली तर तपासणी होईपर्यंत तिचा रोजचा सराव हलकाच राहू दे, सामने तपासणीनंतर.

तपासणी करायला सांगते आहे ती मला शंका आहे म्हणून नाही. वर्षाचा इको राहून गेला, तो हप्ता भरून टाकायचा एवढंच. त्यासाठी खासगीत पैसे घालू नका. तुम्हाला अंगणवाडीत आरबीएसकेची, म्हणजे मुलांच्या सरकारी आरोग्य तपासणीची गाडी माहीत आहे, वर्षातून दोनदा येते. तेच पथक शाळेतही वर्षातून एकदा येतं आणि अठरा वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. पथकातल्या डॉक्टरांना जुनी फाईल दाखवा, जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मागा. इको, ईसीजी तिथून होतं, फी पडत नाही. इको करणाऱ्या डॉक्टरांना तोंडाने सांगा, ‘एमआयएस-सी झाला होता, कोरोनरी पण बघा.’ कारण नेहमीच्या घाईच्या इकोत पंपिंग आणि झडपा बघून कागद हातात देतात, आणि या आजारात हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांची रुंदीही मोजायला हवी. दोन्ही कागद चांगले आले की पुढे दरवर्षी इकोच्या फेऱ्या घालायची गरज बहुतेक पडणार नाही. पळवून बघायची ट्रेडमिल टेस्ट करायची का, ते तिथले हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. म्हणाले तर करा, घाबरू नका. ती वर्षभर मैदानावर तेच करतेय.

त्याच दिवशी तिचं हिमोग्लोबिन बघून घ्या. बारा वर्षांची मुलगी, पाळी सुरू झाली असेल किंवा होईल. खेळताना धाप लागण्याचं कारण आपल्याकडे हृदयापेक्षा कितीतरी वेळा अंगात रक्त कमी असणं हेच निघतं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती गिळते की खिशात घालते, हेही बघा. धापेला घाबरू नका. पळून आल्यावर धाप लागणारच, बसल्यावर चार-पाच मिनिटांत उतरली, गप्पा मारायला लागली, तर ती पळण्याची धाप. बसूनही उतरत नसेल, ओठ काळे-निळे दिसत असतील, किंवा पळता पळताच ती कोसळली, तर ती वेगळी. सरांना हे तीन वाक्यांत सांगून ठेवा. सगळ्या वर्गासमोर नको. पोरं या वयात आजारावरून टोपणनावं पाडतात, आणि स्टिरॉइडने गाल फुगले होते तेव्हा तिने ते एकदा सोसलं असणार.

परत कोरोना झाला तर काय, हे तुम्ही विचारलंत. खरं तर या चार वर्षांत तो तिला होऊनही गेला असेल, तुम्हाला सर्दी वाटली असेल. हा आजार पुन्हा होणं अगदीच दुर्मीळ आहे. ओमायक्रॉननंतर तर नव्याने होणाऱ्यांचं प्रमाणही खूप खाली आलं. साध्या सर्दी-तापात तिला इतर मुलांसारखंच वागवा. ताप तीन दिवसांवर गेला, सोबत पोटदुखी आणि लाल डोळे आले, तर डॉक्टरांना जुन्या आजाराची आठवण करून द्या. एवढं पुरे.

टीडीचं इंजेक्शन द्या, याच आठवड्यात. त्याचा या आजाराशी संबंध नाही, आणि मैदानावर गुडघे फोडून घेणाऱ्या पोरीला धनुर्वाताची लस नसणं मला जास्त काळजीचं वाटतं. ज्या मुलांना आयव्हीआयजी मिळालं होतं त्यांना गोवर आणि कांजिण्यांच्या लसीसाठी अकरा महिने थांबावं लागतं, नाहीतर लस नीट लागू पडत नाही. तुमच्या लेकीला आयव्हीआयजी दिलंच नाही, त्यामुळे तोही प्रश्न नाही.

तिच्याशी बोलण्याचं राहिलं. आठ वर्षांची होती, तिला आयसीयूतलं बरंच आठवत असणार: रात्रभर चालू दिवे, हाताला बांधलेली फळी, आई काचेपलीकडे. आणि तेव्हापासून घरात कुणी तिच्या हृदयाबद्दल तिच्यासमोर मोठ्याने बोललं नसेल. इको करायला नेताना तिला खोटं सांगू नका. पडद्यावर तिचं हृदय तिला बघू दे. इको करणाऱ्यांना विनंती केली तर बहुतेक जण स्क्रीन वळवतात. झडपा उघडतात-मिटतात ते बघून मुलं एकदम गप्प होतात आणि मग प्रश्न विचारायला लागतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तो भारताच्या मुलींनी जिंकला आणि त्यांची कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. हे तुमच्या लेकीला माझ्याआधीच माहीत असणार. तिला त्याबद्दल बोलतं करा. वर्षभर तिने काय काय लपवून ठेवलंय, ते त्या गप्पांत आपोआप बाहेर येईल.

आणि दप्तर उद्यापासून तिलाच घेऊ द्या. त्याला इकोची वाट बघायला नको.

जिल्हा रुग्णालयात जाताना प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन कागद वरच ठेवा: २०२१ चं डिस्चार्ज कार्ड, पहिला इको, सहा आठवड्यांचा इको. नवा रिपोर्ट आला की त्याचा फोटो मला या सदराच्या पत्त्यावर पाठवा, आकडा मी समजावून सांगेन. लेकीची सगळी उत्तरं ‘नाही’ असतील आणि कागद परत द्यायची तारीख तपासणीच्या आधी येत असेल, तर सरांना सांगा, सही आहे, वैद्यकीय दाखला मागाहून देते. ते थांबतील.